लाख भरलेले गोट

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास, बुलढाण्यातल्या माझ्या घरी, गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात आजीच्या चांदीच्या गोटांमधली लाख वितळली. गोट दोन होते. मनगटात घालायचे, करंगळीएवढे जाड, वरून वेल कोरलेले. दिसायला भरीव, पण आतून पोकळ. पातळ पत्र्याचा दागिना चेपू नये म्हणून सोनार आत लाख भरत. पातेल्यात पाणी, खायचा सोडा, मीठ आणि तळाला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद होता. पाणी उकळत होतं. ही पद्धत मी मोबाइलवरच्या एका व्हिडिओत पाहिली होती. व्हिडिओतली बाई पैंजण धूत होती. पैंजणांच्या आत काही नसतं.

आधी पाण्याचा रंग बदलला. मग वास आला. पूर्वी पोस्टात पार्सलवर लाखेची मोहोर लावताना यायचा, तो. चिमट्यानं पहिला गोट बाहेर काढला तेव्हा तो हलका लागला. जिथे अंगठा टेकला तिथे खळगा पडला. दुसरा सांध्याच्या रेषेवर उकलला होता. दोन्ही पांढरे स्वच्छ झाले होते, इतके की वेल दिसत नव्हती.

आईनं ते आठ दिवसांपूर्वी माझ्याकडे दिले होते. आई डोणगावला माझ्या भावाकडे असते. वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून त्या हाताची मूठ वळत नाही. जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले गोट तिनं माझ्या मांडीवर ठेवले.

"यंदा तूच उजळ. माह्या हातानं होऊन नाही राह्यलं," ती म्हणाली. "रिठ्याचं पाणी कोमट ठेवजो. कढत नको."

"हाव."

"हाव काय? ध्यान कुठी आहे तुहं?"

माझं ध्यान मेहकरहून सुटणाऱ्या गाडीकडे होतं. पुडकं मी पर्समध्ये टाकलं. ते गोट आईनं पुन्हा माझ्या हातात द्यायला मध्ये चाळीसहून जास्त वर्षं गेली होती. का गेली, ते तिला माहीत होतं आणि मलाही.

आमच्या घरी चांदी फाल्गुनात उजळली जायची; यंदा आईनं ती तीन महिने आधीच माझ्याकडे दिली होती. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी वस्तीतल्या सगळ्या भिंतींना चुना लागे. चुन्यात नीळ कालवलेली असे आणि ओली भिंत वाळताना गल्लीभर थंड, मातकट वास सुटे. त्याच दिवसांत पापड व्हायचे. बाजाराच्या दिवशी लोणारकडची एक बाई पापडाचा खार घेऊन यायची. राखाडी, ठिसूळ खडे, जिभेला लावले तर जीभ आखडायची. तिच्या टोपलीला तळ्याचा उग्र वास असे. खार नंतर दुकानात पुडीत मिळू लागला, त्याला वास नव्हता. ती बाई कधीपासून यायची थांबली, हे मला कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आता विचारायला कुणी नाही.

रिठे आदल्या संध्याकाळी फोडून भिजत घातले जात. बिया काढायचं काम माझ्याकडे होतं. काळ्या, गुळगुळीत, टणक बिया. त्या मी परकराच्या ओच्यात साठवायची आणि शाळेत गजग्यांसारख्या खेळायची. सकाळी पऱ्हाट्यांच्या जाळावर पाणी कोमट होई. कापसाच्या वाळल्या काड्या भुर्रकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून चुलीपाशी सतत कुणीतरी लागे. रिठ्याच्या पाण्याला आंबूस वास असतो. आई त्यात हात घालून फेस काढायची, मग गोट सोडायची. चुलीची राख धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलेली असे. निंबाच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचा केलेला असे. आई एक पाय पसरून बसायची, गोट गुडघ्यावर टेकवायची आणि वेलीच्या वळणांवरून काडी फिरवायची. सगळी वळणं ती साफ करत नसे. वरची चांदी पांढरी होई, कोरलेल्या रेघांत काळं तसंच राही.

"हे राह्यलं, माय," मी दाखवायची.

"राहू दे. तेवढं काळं आहे म्हणून वेल दिसते."

गोट धुऊन सुपात ठेवले की एकमेकांवर आपटत. तो आवाज खणखणीत नव्हता. आत लाख असलेल्या चांदीचा आवाज दबका असतो, दार लोटून घेतलेल्या खोलीत कुणी बोलावं तसा. सावलीत वाळले की पांढऱ्या फडक्यानं पुसायचे. फडकं काळं होई. मग पत्र्याची पेटी उघडायची, तळाशी ठेवायचे, झाकण लावायचं. पुढच्या फाल्गुनापर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे. आमच्या घरात ते कधी कुणी घातले नाहीत.

पारबता आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. आमच्याच गल्लीत राहायची आणि चांदीच्या दिवशी हटकून यायची. काम काहीच करायची नाही. भिंतीला टेकून मिश्री लावत बसायची आणि आईला सूचना द्यायची.

"इकडून राह्यलं व वयनी."

"तुमीच घासा मंग, बाई."

"मी पाव्हणी आहे."

"तीस वर्षांची पाव्हणी," आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

मी दुसरी-तिसरीत असेन, तेव्हा एकदा विचारलं, "घालत नाही तं उजळता काऊन?"

"काऊन, लगन आहे का तुहं?" आत्या म्हणाली. मग तिनं मिश्रीचं बोट लुगड्याला पुसलं आणि सांगितलं. पूर्वी आपल्या वस्तीतली बाई लांबून येताना दिसली की चांदीवरून ओळखू येई. हातात गोट, पायात तोडे, गळ्यात सरी. तोंड पाहायची गरज पडत नसे. ज्या वर्षी घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वर्षी माझी आजी, म्हणजे आत्याची आई, गावी परत येऊन ओट्यावर बसली आणि सगळी चांदी तिनं उतरवली. उजव्या हातातला गोट निघेना. लगनापासून तो निघालाच नव्हता. साबण लावून, दात खाऊन ओढला. कातडं सोललं. सरी आणि तोडे पुढे मोडले गेले. गोट राहिले. ते आईकडे देताना आजीनं दोनच गोष्टी सांगितल्या: घालाचे नाही, अन् काळे पडू द्याचे नाही.

"काळे पडले तं काय होते?"

"लोक म्हणतीन, ह्यांच्यापाशी नव्हतं म्हणून काढलं," आत्या म्हणाली. "आमी असून काढलं, पोरी."

हे मला आठवतं. त्या दिवशीचा तिचा हात, त्यावरचं हिरवं गोंदण, आणि ती बोलत असताना आई मान वर न करता काडी फिरवत होती, तेही. म्हणजे आठवीत मी जे केलं ते माहीत नसताना केलं, असं मला म्हणता येत नाही.

आठवीत असताना जानेवारीत शाळेचं संमेलन होतं. गावच्या स्वच्छतेवर एक नाटुकलं बसवलं जात होतं. बाईंनी वर्गात विचारलं, "जुनी चांदी कुणाच्या घरी आहे? बाईच्या पात्राला हवी." पहिला हात माझा वर गेला. एरवी मला मागच्या रांगेत गाण्याला उभं करत. काम कोणतं, हे दोन दिवसांनी कळलं. पडदा उघडल्यावर खराटा घेऊन यायचं, वाकून अंगण झाडायचं, पाटील ओरडला की कपाळाला हात लावायचा आणि मागच्या मागं निघून जायचं. संवाद नव्हता. गोट वाजवायचे होते.

आई शेतावर गेली असताना मी पेटी उघडली. पेटीत कापराचा आणि जुन्या कापडाचा वास होता. गोट माझ्या मनगटात सैल होत होते, म्हणून आतून दोरा गुंडाळला.

मंडपात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या होत्या. त्यांचा सूं असा आवाज आणि रॉकेलचा वास. मी वाकले, झाडू लागले, गोट खाली घसरून एकमेकांवर आपटले. पुढची पोरं हसली. ती हसली म्हणून मी हात उंच करून पुन्हा वाजवले. मग सगळे हसले. कुणीतरी शिट्टी मारली. पाटील झालेल्या मुलाला त्याचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. कपाळाला हात लावून मागं सरकताना मला बायकांच्या बाजूला, खांबाजवळ दोन पांढरी लुगडी दिसली. आई येणार हे मला माहीत नव्हतं. आत्यानं तिला आणलं होतं.

पडद्यामागे वर्गातल्या दोघी माझ्याभोवती आल्या. त्यांतली एक डॉक्टरांची मुलगी होती. माझं मनगट धरून ती म्हणाली, "अय्या, केवढे जाड! कोणाचे गं?"

"भाड्यानं आणले," मी म्हणाले. "अकोल्याच्या नाटकवाल्याकडून."

मागे वळले तेव्हा आई चार हातांवर उभी होती. तिच्या हातात माझा स्वेटर होता. आत्या काहीतरी बोलायला पुढे झाली. आईनं तिचं मनगट धरलं. आई पुढे आली.

"थंडी आहे. घाल," एवढंच म्हणाली.

घरी जाताना आत्या एक शब्द बोलली नाही. तिला इतका वेळ गप्प मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ओट्यावर पोचल्यावर आईनं हात पुढे केला. मी गोट काढून दिले. दोरा त्यांना तसाच चिकटलेला होता.

दुसऱ्या सकाळी, जानेवारीत, अवेळी रिठे भिजत पडलेले दिसले. आई मोरीपाशी पाय पसरून बसली होती. मी जाऊन शेजारी बसले आणि निंबाची काडी चावायला घेतली.

"पाणी नाही घरात," आई म्हणाली. "घागर भरून आण."

घागर काठोकाठ भरलेली होती. मी ती मोरीत ओतून रिकामी केली आणि विहिरीवर गेले.

ती त्या गोष्टीबद्दल कधी बोलली नाही. शाळेत विचारायला गेली नाही. आत्यालाही तिनं बोलू दिलं नसावं. पुढच्या फाल्गुनात चांदीच्या दिवशी तिनं मला दळण देऊन पाठवलं. त्याच्या पुढच्या वर्षी खार आणायला. मग मी शिकायला बाहेर पडले, वर्तमानपत्रात लागले. बातमीदारी केली, नंतर वीस वर्षं टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. फाल्गुनात घरी फोन केला की विचारायची, "झाली का चांदी?" आई म्हणायची, "झाली." आत्या गेली. आम्ही गल्लीतलं घर पाडून सिमेंटचं बांधलं. चुलीच्या जागी वॉशिंग मशीन आलं. दारापुढचा निंब रस्ता रुंद करताना गेला. वहिनी सांगायची, आई आता बाहेरच्या नळापाशी प्लास्टिकच्या टबात गोट धुते, काडी शेजाऱ्यांच्या झाडाची आणते, जुना ब्रश दिला तर घेत नाही.

लाख वितळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्यातल्या सराफाकडे गेले. मुद्दाम ओळख नसलेलं दुकान निवडलं. पन्नाशीचा माणूस, गळ्यात भिंग लटकवलेलं. त्यानं फडकं उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"उकळले का, ताई?"

"हो."

"व्हिडिओ पाहून?"

"हो."

"महिन्याला दोन-तीन येतात असे. दिवाळीच्या आधी तं रांग लागते." तो हसला. वाईट नव्हता हसला. त्यानं गोट भिंगाखाली फिरवले. "ह्या एकात लाख भरून देतो. ह्या दुसऱ्याचा सांधा उकलून चांदी उठली, हा काही टिकत नाही. मोडीत टाका. वेल पाहून दुसरा बनवतो अस्सल तसाच. रेघांत काळंही भरून देतो. जुनं काम आहे हे. कोणाचे होते?"

"असेच," मी म्हणाले. "जुना माल."

"मंग तं प्रश्नच नाही. घरात कोणाले समजणार नाही."

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती छापायची असते. कितीही लहान असली तरी. काय छापलं होतं, काय हवं होतं, दोन ओळी. त्या दोन ओळी लिहायला टाळाटाळ करणाऱ्या पोरांना मी टेबलापाशी उभं करून लिहायला लावलेलं आहे. सराफाला मी सांगितलं, करा.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी डोणगावला गेले. तुरीच्या मळणीचे दिवस होते, हवेत भुसा होता. आई अंगणात उन्हाला बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. वहिनी तिच्यापुढे तूर निवडत होती. मी फडकं सोडलं.

"बाप्पा!" वहिनी म्हणाली. "ताईनं तं दुकानातल्यावानी करून आणले. आता दर वर्षी तुमच्याकडंच पाठवतो आमी."

आईनं डोळ्यांपाशी काही नेलं नाही. डावा हात पुढे केला. पहिला गोट तळहातावर घेऊन थोडा वेळ धरला, नखानं वेलीवरून गेली, फरशीवर टेकवला. खाली ठेवला. दुसरा घेतला. तो टेकवला. पुन्हा एकदा टेकवला.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"सोनारानं नवी लाख भरली, म्हणून तसा लागते," मी म्हणाले. तिथे बोलताना माझी भाषा आपोआप बदलते.

आई नुसती बसून राहिली. हे असं बसून राहणं मला ओळखीचं आहे. समोरचा माणूस अर्धंच सांगतो आहे हे कळलं की बातमीदारही असाच बसतो. वहिनीनं सूप उचललं आणि ती आत गेली.

मी सांगितलं. उकळले हे सांगितलं, फुटला हे सांगितलं, मोडीत दिला हेही सांगितलं. कोमट पाण्याचं तिनं बजावलं होतं आणि ते माझ्या लक्षात होतं, हे सांगितलं. संमेलनाबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण आईनं मध्येच विचारलं.

"फुटका कुठी आहे?"

"सोनारापाशी."

"घेऊन ये."

"आई, तो उकलला पार. काय करशीन त्याचं?"

"काय कराचं ते मी पाहीन. घेऊन ये म्हणलं ना."

नवा गोट तिनं फडक्यात बांधून माझ्याकडे परत दिला. जुना स्वतःच्या मांडीवर ठेवला. जेवताना ती भावाशी तुरीच्या भावाबद्दल बोलत होती. मला तिनं दोनदा भाजी वाढायला लावली. चारच्या गाडीला भावानं मला सोडलं.

सोमवारी सकाळी अकराला मी दुकानात पोचले. तीन गिऱ्हाइकं आधी होती. सराफानं ओळखलं. मी फुटका गोट परत मागितला.

"तो मोडीतला?" तो म्हणाला. "तो आटला, ताई. शनिवारीच सगळी मोड आटवली." त्यानं खालच्या कप्प्यातून हातभर लांबीची चांदीची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. "ह्याच्यातच आहे कुठंतरी."

पट्टी खडबडीत होती. एका कडेला बुडबुड्यांची भोकं होती. तिच्यात किती घरांची चांदी होती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी तिथूनच फोन लावला. वहिनीनं उचलून आईला दिला.

"आई, तो आटवला."

"कोनं?"

"सोनारानं. परवाच. माझ्यासमोर त्याची पट्टी आहे नुसती."

फोनमधून मळणी यंत्राची घरघर येत होती.

"त्याले मालूम होतं का, कोणाचा व्हता ते?" तिनं विचारलं.

"नाही."

"तू काय सांगतलं होतं?"

"जुना माल, म्हटलं होतं."

"मंग आता सांग."

"आता?"

"हाव. आता."

मी फोन चालू ठेवून काउंटरवर ठेवला. सराफ एका बाईची जोडवी तोलत होता. मी त्याला म्हणाले, "तो गोट माझ्या आजीचा होता. सखूबाई नाव तिचं. डोणगावच्या बौद्धवाड्यातली. दीक्षा घेतली तेव्हा तिनं स्वतः हातातून काढून ठेवला होता. माझ्या आईनं साठ वर्षं उजळून ठेवला. मी उकळून फोडला." शेजारच्या दोन बायका माझ्याकडे पाहू लागल्या. तिसरं गिऱ्हाईक मोबाइल पाहत होतं.

"असं का," सराफ म्हणाला. तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट पाहत तो थांबला. मग त्यानं पट्टी उचलून कप्प्यात ठेवली आणि त्या बाईला दुसरं जोडवं मागितलं.

मी फोन कानाला लावला तेव्हा तो बंद झालेला होता. कॉल दोन मिनिटं एक्कावन्न सेकंदांचा होता.